कौसाबाईचा नंबर

आमच्या दुकानात भिंतीला एक लांब फळी होती, फळीला वीस खिळे होते, आणि आमच्या घरातली निम्मी भांडणं त्या खिळ्यांवरून होत. गोरेगावात बाजाराच्या गल्लीत, जिथून सेनगाव-हिंगोलीच्या जीपगाड्या भरून निघतात, तिथेच रस्त्याला लागून बाबांचं शिलाईचं दुकान आणि दुकानामागे आमच्या दोन खोल्या. बाबांचं नाव शमुवेल, पण गावाच्या तोंडी ते समेल मास्तर. कोणी कापड घेऊन आलं की बाबा मापं घेत, मापाची चिठ्ठी कापडात ठेवून त्याचं गाठोडं बांधत आणि डावीकडून पहिला जो खिळा रिकामा असेल त्यावर अडकवत. पहिल्या खिळ्यावरचं गाठोडं शिवून झालं की बाकीची सगळी एकेक खिळा पुढे सरकत. वीस खिळे भरले की बाबा नवं काम घेत नसत. "जागा न्हाई, चार दिवसांनी या," एवढं म्हणून ते पुन्हा मशीनवर वाकत. देशमुखांच्या वाड्यावरचं रेशमी कापड आणि मेंढपाळाच्या बंडीचं जाडंभरडं कापड शेजारी शेजारी लटकत असे, आणि जे आधी आलेलं ते आधी शिवलं जाई. देशमुखांचा गडी दोनदा निरोप घेऊन आला तरी त्यांचं गाठोडं आपल्या खिळ्यावरून हललं नाही. गावाने बाबांना मागून नाव ठेवलं होतं, नंबरवाला मास्तर.

हे सगळं बाबांनी कुठून काढलं ते त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. आईने एकदा भाकरी थापता थापता सांगितलं, की बाबांची आई विहिरीवर घागर घेऊन उभी राही ती कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत, आणि लहान बाबा तिच्या लुगड्याला धरून उभे असत. बाकी बाबांनी कोणाला धर्म सांगितला नाही. गल्लीत आमचं एकच ख्रिस्ती घर, लोक कधी कधी मुद्दाम काहीबाही विचारत, तर बाबा हसून "बसा, चहा घ्या" म्हणत. सकाळी झाडलोट झाली की ते मशीनच्या फळकुटावर तळहात टेकवून डोळे मिटत आणि त्या दिवशी ज्यांचे कपडे शिवायचे त्यांची नावं घेऊन प्रार्थना करत. गुरुजींच्या पोराची परीक्षा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाची मरायला टेकलेली म्हैस, सगळं त्यात येई. बाहेर जीपवाला "सेनगाव, सेनगाव" ओरडत असायचा आणि आत बाबा हळू आवाजात म्हशीसाठी प्रार्थना करत असायचे. मग आमेन म्हणून ते पायट्यावर पाय ठेवत, आणि दिवेलागणीपर्यंत त्या मशीनचा आवाज घरात भरून राही. आजही कुठे जुनं पायाचं मशीन चालताना ऐकलं की मला आधी भूक लागते आणि मग राग येतो.

रविवारी मशीन बंद. आसपासच्या गावांतली चार-पाच ख्रिस्ती घरं आमच्या ओसरीवर जमत, महिन्यातून एकदा हिंगोलीहून चर्चचे पाळकसाहेब येत, बाकीच्या रविवारी बाबाच उपासना चालवत. ढोलकी आणि टाळ असायचे. नरसीच्या यात्रेला निघालेली माणसं रस्त्यावर थांबून आमची गाणी ऐकत आणि "चाल तर आपलीच हाय की" म्हणून पुढे जात. गाण्यांनंतर साक्ष असे. म्हणजे ज्याला आठवड्यात देवाने काही दिलं किंवा ज्याच्या हातून काही चुकलं त्याने उभं राहून चार लोकांपुढे ते सांगायचं. मला त्या वेळेचा लहानपणापासून कंटाळा होता. मोठी माणसं उभी राहून आपली चूक सांगतात आणि मग सगळे मिळून शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडीच्या भाजीशी भाकरी खातात, हे मला चमत्कारिक वाटे.

आईला खिळ्यांचा तिटकारा होता. तिचं म्हणणं साधं होतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला विठ्ठल मास्तरचं दुकान होतं. विठ्ठल मास्तर येईल ते कापड घेई, कोणाला नाही म्हणत नसे, प्रत्येकाला "उद्या या" सांगे, आणि त्याच्या दुकानात कापडाचा ढीग आणि माणसांची गर्दी असे. आमच्याकडे वीस गाठोडी आणि शांतता. दिवाळी जवळ आली की बाबा परत पाठवत ती माणसं सरळ विठ्ठल मास्तरकडे जाताना आईला दारातून दिसत, आणि मग ती आत येऊन भांडी आदळत असे. एकदा तिने थेट शास्त्रावरच बोट ठेवलं. म्हणाली, "काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला तवा येशू प्रभूनं पान्याचा लगीच करून दिला. त्यानं काई खिळे मोजले न्हाईत." बाबा इतके हसले की त्यांना मशीन थांबवावं लागलं. पण गाठोडं कुठलंही सरकलं नाही. आईचा राग मला पटायचा. सणाला नवा कपडा सगळ्यात शेवटी आमच्या अंगावर चढत असे, आणि कधी कधी चढतच नसे, कारण आमचं कापडही रांगेतच.

माझं काम काजं-बटणांचं आणि हुकांचं; मशीनवर मी कधी बसले नव्हते. बाबांना चष्मा लागला होता. मशीनवर त्यांचा हात वाऱ्यासारखा चाले, पण सुईत दोरा ओवून हाताने हुक लावायचा म्हणजे त्यांना फार वेळ लागायचा. म्हणून बारा-तेरा वर्षांची असल्यापासून पोलक्यांचे हुक आणि हुकांसमोरची दोऱ्याची घरं मी करत आले. दोरा दुहेरी घ्यायचा, प्रत्येक हुकाला सहा टाके, शेवटी दोन गाठी. झालं की बाबा पोलकं हातात घेऊन एकेक हुक चिमटीत धरून ओढून बघत. सगळे घट्ट निघाले की मान हलवत. त्या मान हलवण्यापलीकडे त्यांनी कधी माझं कौतुक केलं नाही आणि मलाही त्याहून जास्त लागत नव्हतं.

बारावी झाल्यावर मी एका मिशन दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला होता. गाव लांब, रात्रभराचा एसटीचा प्रवास. बरेच दिवस उत्तर आलं नाही, आणि आई म्हणू लागली की आता स्थळं बघायला घ्यावीत. दसरा झाला आणि एका मंगळवारी पोस्टमनने पाकीट आणून दिलं. त्याच्यावर चार-पाच शिक्के होते. पत्र मुंबईच्या गोरेगावला जाऊन, तिथे आम्हाला शोधून, परत फिरून आलं होतं. आमच्या गावाची टपाल खात्यात ही नेहमीची रड. आत लिहिलं होतं की माझी निवड झाली आहे, येत्या सोमवारी सकाळी हजर व्हावं, आणि सोबत सामानाची यादी होती. यादीत सगळ्यात वर दोन पांढरे गणवेश, कॉलर आणि पट्ट्यासह, शिवून तयार. हजर होताना ते नसतील तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. शिंप्याच्या पोरीला गणवेशाची काय काळजी, असं म्हणून आई त्याच दिवशी पांढरं कापड घेऊन आली. बाबांनी माझं माप घेतलं, चिठ्ठी लिहिली, गाठोडं बांधलं आणि अकराव्या खिळ्याला अडकवलं.

मला आधी वाटलं ते थट्टा करतायत. थट्टा नव्हती. दिवाळीचं काम होतं, पुढे दहा गाठोडी होती, आणि बाबांच्या हिशेबाने माझा नंबर पुढच्या आठवड्यात लागत होता. आई बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी तिने ते गाठोडं खिळ्यावरून ओढून काढलं आणि मला घेऊन विठ्ठल मास्तरकडे गेली. विठ्ठल मास्तर फार गोड माणूस. "समेलची लेक म्हंजे माझीच लेक, उद्या या," म्हणाला. बुधवारी गेलो तर म्हणाला उद्या. गुरुवारी गेलो तर त्या ढिगातून आमचं कापडच त्याला सापडेना. शुक्रवारी सकाळी ते जसंच्या तसं, गाठसुद्धा न सोडलेलं, बाहेर निघालं, आणि आई ते हिसकावून घेऊन घरी आली. दुकानात पाहिलं तर बाकीची गाठोडी पुढे सरकली होती, पण माझ्या जागेचा खिळा बाबांनी तीन दिवस रिकामा ठेवला होता. कापड नेलं म्हणून नंबर जात नाही, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत माझ्यापुढे चार जण उरणार होते, आणि शिवायला हातात फक्त शनिवार. रविवारी मशीन बंद, आणि रविवारीच दुपारी आम्हाला निघायचं होतं.

मी रडले, ओरडले, जेवायची थांबले. बाबांनी मशीन थांबवलं आणि शांतपणे म्हणाले, "नंबर माझा न्हाई, त्या चौघांचा हाय. मी कसा देऊ? तू जाऊन माग. त्यांनी दिला तर सकाळी पहिलं कापड तुझं." म्हणजे माझ्याच बापाने माझे कपडे शिवावेत म्हणून मी गावात दारोदार परवानगी मागत फिरायचं. अठरा वर्षांच्या मुलीला याहून मोठी शिक्षा मी आजही कल्पू शकत नाही. पण दुसरा इलाजच नव्हता, म्हणून चप्पल अडकवून निघाले.

तिघांनी लगेच हो म्हटलं. गुरुजींनी मला दोनदा विचारलं की तू खरंच हेच मागायला आली आहेस का, आणि मग हसत सुटले. देशमुखीणबाई म्हणाल्या की आमची कापडं आठ दिवस तिथं लटकून राहिलीत, आणखी दोन दिवसांनी काय होतंय. म्हाळू आबा गावाबाहेर मेंढरं बसवून होते. ते म्हणाले, मेंढरांना काय, जुन्या बंडीत बी ओळखत्यात मला. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं झालं, सुटले. चौथी उरली होती ती उद्याच्या पहिल्या खिळ्याची मालकीण, कौसाबाई.

कौसाबाईला नवऱ्याने टाकून बरीच वर्षं झाली होती. दोन लेकी घेऊन ती गावाच्या कडेला राही आणि लोकांच्या शेतात रोजाने जाई. तेव्हा सोयाबीनची काढणी चालली होती. मी गेले तेव्हा ती नुकतीच शेतातून येऊन हात-पाय धूत होती, विळा उंबऱ्याशी टेकवलेला. तिच्या गाठोड्यात चार पोलकी आणि लेकींचे दोन परकर होते, दिवाळीचे. मला तिने बसायला पोतं टाकलं आणि बिनदुधाचा चहा केला. मी सगळं सांगितलं, पत्र मुंबईला गेल्यापासून विठ्ठल मास्तरपर्यंत. तिने मधे एकदाही तोंड घातलं नाही.

"मला काई घाई न्हाई पोरी," ती म्हणाली. "दिवाळी लांब हाय अजून."

माझा जीव भांड्यात पडला. मी उठायलाच लागले होते.

"पर नंबर न्हाई देनार मी."

मी काहून म्हणून विचारलं. तिला माझा राग आलेला नव्हता, हे मला अजून स्पष्ट आठवतं. समजावून सांगावं तसं ती बोलत होती. "रेशनच्या दुकानी मी सकाळधरनं हुबी राहाते, अन माझ्या मागचे पुढून घेऊन जात्यात. दवाखान्यात तेच. गिरणीत तेच. कोनाची ना कोनाची घाई असतीच, अन ती खरी बी असती. म्या कुठवर सरकू मागं? तुझ्या बापाच्या दुकानावरून मी रोज जाते. आत येत न्हाई, रस्त्यावरनंच बघते, माझं गाठोडं फुडं सरकलं का. सरकलेलं असतं बाई. उद्या ते पयल्या खिळ्यावर येनार हाय. ते मला बघायचं हाय."

मी तिला काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं आणि ते मी लिहिणार नाही. तिच्या पोलक्यांची आणि माझ्या आयुष्याची तुलना त्यात होती, आणि शेवटी तिच्या नवऱ्याचा उल्लेख होता. चहा तसाच ठेवून मी निघून आले.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, माझं शेवटचं बोलणं सोडून. मला वाटलं आता तरी ते म्हणतील, बघू, करू काहीतरी. बाबांनी चष्मा काढला. कौसाबाई नेमकी काय म्हणाली ते त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, आणि माझ्या बापाचा चेहरा आनंदाने उजळला. मी हे सौम्य करून लिहीत नाही. त्यांची मुलगी बुडत होती आणि ते आनंदले होते. आपण आयुष्यभर जे करतो आहोत ते कोणीतरी रोज रस्त्यावरून बघत होतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. आज मला ते समजतं. त्या वेळी मला त्यांचं मशीन उचलून रस्त्यात फेकावंसं वाटलं.

"मंग तुमाला मी कोन?" मी विचारलं.

"तू घरची," बाबा म्हणाले. "तुलाच तर मागं ठेवता येतं."

शनिवारी सकाळी प्रार्थनेत बाबांनी कौसाबाईचं नाव घेतलं, तिच्या लेकींचं घेतलं आणि नंतर माझं घेतलं. आणि मग ते कामाला लागले. इथे त्यांच्याबद्दल एक खरी गोष्ट लिहिली पाहिजे. ते त्या दिवशी माझ्यासाठी जीव तोडून पळत होते. बाकीच्या तिघांनी नंबर दिला होता, म्हणजे कौसाबाईचं काम संपलं की उरलेला दिवस माझा. दोन्ही गणवेश पुरे झाले नाहीत तरी एक पुरा आणि दुसरा आतून कच्चा शिवून का होईना, दिसायला तयार करता येईल, असं ते आईला म्हणाले. भाकरीसुद्धा त्यांनी मशीनवरच बसून खाल्ली, एका हाताने. मी आयुष्यात त्यांना असं खाताना पाहिलं नव्हतं. एकेक पोलकं शिवून ते माझ्याकडे टाकत आणि मी हुक लावत होते. कौसाबाई सकाळी शेतात जाताना रस्त्यावर थांबलेली मी पाहिली. फळीकडे बघून ती पुढे गेली. त्यानंतर माझ्या मनात जे आलं ते मी केलं. दोरा एकेरी घेतला, हुकाला आणि घराला दोनच टाके घातले आणि गाठ मारली नाही. चारी पोलक्यांना. दिवाळीत कुठेतरी चार बायकांत बसलेली असताना तिचे हुक सटासट निघावेत, इतकीच माझी इच्छा होती. बाबा घाईत आहेत, ते आज ओढून बघणार नाहीत, असा माझा अंदाज होता.

दुपारी दोनच्या सुमाराला सगळं शिवून झालं. बाबांनी माझं पांढरं कापड खिळ्यावरून काढून फळकुटावर पसरलं, खडू हातात घेतला, आणि मग खडू खाली ठेवून कौसाबाईची पोलकी उचलली. पहिला हुक त्यांच्या चिमटीतच आला. दुसरा आला. त्यांनी चारी पोलकी एकेक करून पाहिली.

"हे कोनी लावले?" घरात हुक लावणारं दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी पोलकी मांडीवर घेतली. ब्लेड घेतलं आणि दोरे उसवायला सुरुवात केली. चार पोलकी, चोवीस हुक, चोवीस घरं. मी त्यांच्या हातातून पोलकं ओढायला गेले. म्हणाले, बाबा, द्या, मी नीट लावते, तुमी माझं कापड घ्या. अजून वेळ हाय.

"न्हाई," बाबा म्हणाले. "आता तू लावलेलं मला परत बघावं लागंल."

त्यांनी सुई डोळ्यांजवळ धरून दोरा ओवला. तो ओवायलाच किती वेळ गेला ते मी बघत बसले. नंतर ते एकेक हुक लावत राहिले, सहा टाके, दोन गाठी, त्यांच्या त्या मोठ्या, गबाळ्या टाक्यांनी, आणि फळकुटावरच्या पांढऱ्या कापडावरून ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं. शेवटचं घर झालं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. त्यानंतर त्यांना मशीनवरची शिवण दिसत नसे. त्यांनी माझं कापड घडी करून माझ्या हातात दिलं. आई दिवसभर शेजारणीच्या शेतात होती. ती आली, न शिवलेलं कापड पाहिलं, आणि तिची समजूत झाली की कौसाबाईच्या कामातच दिवस गेला. मी तिची समजूत दुरुस्त केली नाही. बाबांनीही केली नाही.

रविवारी आईने बाबांना मशीन उघडायला सांगितलं आणि बाबांनी नकार दिला, ते सगळं झालं. उपासनेत साक्षीची वेळ आली तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चटईकडे पाहत राहिले. दुपारी मी आणि बाबा न शिवलेलं कापड ट्रंकेत घालून निघालो. सोमवारी सकाळी त्या शाळेच्या व्हरांड्यात मुख्य सिस्टरने एकेकीची ट्रंक उघडून पाहिली. बाबांनी दोन दिवस मागितले. तिने व्हरांड्याच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे एक मुलगी आपल्या बापाबरोबर बसली होती, मांडीवर दोन पांढरे गणवेश, इस्त्री केलेले. कचेरीतला एक कारकून बाबांना बाजूला घेऊन म्हणाला की मोठ्या साहेबांना भेटा, आपलीच माणसं आहेत, होऊन जाईल. बाबा म्हणाले, "ती पोरगी बी नंबर लावून बसली हाय." आणि त्यांनी माझी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली.

माझं वर्ष गेलं. आणि गावात ते कौसाबाईच्या नावावर गेलं. आईने नळावर सांगितलं, गिरणीत सांगितलं, सोयाबीनच्या रानात सांगितलं. पोरीचं सोन्यासारखं आयुष्य एका बाईने चार पोलक्यांपायी अडवलं. ज्यांनी नंबर दिला होता त्या देशमुखीणबाईंनीसुद्धा तिला सुनावलं. कौसाबाईने शेजारच्या पोरीला पाठवून कपडे नेले. दिवाळीनंतर तिचं गाठोडं आमच्या फळीवर पुन्हा आलं नाही. ती आमच्या दुकानावरून जाई, पण मान रस्त्याकडे. रोज संध्याकाळी मी दारात बसून बटणं लावत असे आणि ती समोरून जात असे, एक वर्षभर.

एकदा न राहवून मी बाबांना म्हणाले की तुम्ही तरी लोकांना सांगा ना. ते म्हणाले, "ते माझं न्हाई सांगायचं. तुझं हाय." रविवारी साक्षीच्या वेळी ते माझ्याकडे बघत आणि मग नजर काढून घेत. मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा किती तरी मोठी आहे, आणि हिंगोलीच्या या खोलीत बसून मी त्यांच्याशी अजून भांडते. बाबा, तुमचा खरेपणा मला मान्य आहे. पण माझं मन जागं व्हावं म्हणून तुम्ही वाट बघत होतात, आणि तेवढे दिवस बोलणी कोण खात होतं? तुमच्या फळीवर तिचा नंबर तुम्ही माझ्यासाठी मोडला नाहीत. तिची अब्रू मात्र माझ्यासाठी मोडू दिलीत. एक वाक्य तुम्ही नळावर जाऊन बोलला असतात तर चाललं असतं. देवाला चाललं असतं.

पुढच्या वर्षी माझी पुन्हा निवड झाली. पत्र वेळेवर आलं, गणवेश नंबराने शिवून झाले. निघायच्या आदल्या दिवशी मी कौसाबाईकडे गेले. ती पुन्हा सोयाबीनवरूनच आली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दोन वाजता तुमचं काम झालं होतं, हुक मी मुद्दाम कच्चे लावले, त्यातच दिवस गेला.

ती म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. हुकाचा टाका मास्तरचा व्हता. समेल मास्तर हुक लावायला काहून बसला असंल, ह्याचा म्या लई इचार केला."

मी म्हटलं, माफ करा.

"माफ केलं," ती म्हणाली, अगदी साधेपणाने. मग विळा आडोशाला ठेवत म्हणाली, "पर हे मला सांगून मी काय करू? मला बोलनी घातली ती काई मी न्हाई. जे बोलले त्यांना सांग. नळावर सांग, तुझ्या आईला सांग."

मी हो म्हणाले. खरोखर सांगायचं ठरवून मी तिथून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपकडे जाताना नळावर सात-आठ बायका होत्या. त्यांनी मला हाका मारल्या, नीट जा म्हणाल्या, आणि एकीने आईला म्हटलं की कौसीनं अडवलं तरी पोरगी निघालीच बघा. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. मी जीपमध्ये बसले.

पुढे पस्तीस वर्षं मी नोकरी केली. सुट्टीला गावी येत राहिले आणि दर वेळी वाटे, आता इतक्या जुन्या गोष्टीत काय आहे. आई गेली तेव्हाही तिच्या लेखी माझं ते वर्ष कौसाबाईनेच खाल्लेलं होतं. बाबा तिच्या आधी गेले. कौसाबाई गेल्याचं मला फोनवर कळलं, सोळा दिवसांनी. तिच्या दोघी लेकी गोरेगावातच आहेत, त्यांना वाचता येतं, आणि नळावरच्या त्या बायकांपैकी दोघी-तिघी अजून आहेत. तेव्हा जे त्यांच्यापुढे उभं राहून सांगायचं होतं ते इथे लिहिते. शनिवारी दुपारी दोन वाजता कौसाबाईचं काम पूर्ण झालं होतं. त्यानंतरचा सगळा दिवस माझा होता. तो मी घालवला, आणि आळ तिच्यावर राहू दिला.